ड्रोनची फवारणी: सौदा ठरवण्याआधी कागद बघा



यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते कुणी विसरलेलं नाही. ड्रोनमुळे पाठीवरचा पंप उतरतो, माणूस तुषारांतून बाहेर येतो, हा मोठाच फायदा. पण तुषार नाहीसे होत नाहीत. वारा असला की बांध ओलांडून शेजाऱ्याच्या विहिरीवर, वैरणीवर, तुतीच्या पाल्यावर जाऊन बसतात.

आता तुम्ही म्हणाल, यंत्र भाड्याचं, चालवणारा त्यांचा, आम्हाला कायद्याशी काय करायचंय? अहो, रान तुमचं, आणि शेजारीही तुमचाच! २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे, ट्रॅक्टरला असतो तसा या यंत्राला नोंदणी क्रमांक हवा. चालवणाऱ्याकडे मान्यताप्राप्त संस्थेत शिकून मिळवलेलं रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं. त्याला दहावी पास आणि वय १८ ते ६५ ही अट आहे. प्रमाणपत्र मामाचं आणि उडवतोय भाचा, हे चालायचं नाही. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमाही लागतो. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. गाव विमानतळाजवळ असेल, तर आपलं रान पिवळ्या किंवा लाल पट्ट्यात येतं का, ते चालकाला नकाशावर दाखवायला सांगा.

खरी गफलत होते ती औषधात. पाठीवरच्या पंपाला एकरी दीड-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोन दहा लिटरच्या आसपास भागवतो. म्हणजे द्रावण कितीतरी घट्ट! म्हणून घरात उरलेली बाटली काढून अंदाजानं कालवू नका. ड्रोनसाठी मान्यता असलेलंच औषध, मान्य मात्रेतच घ्यावं.

कीटकनाशक नियम १९७१ सालचे. हवाई फवारणीची सूचना सक्षम अधिकाऱ्यांमार्फत लोकांना निदान २४ तास आधी द्यावी, हे त्यात आहे. तेव्हा सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना, ग्रामपंचायतीला आधी कळवा. मधमाशांच्या पेट्या ठेवणाऱ्याला तर घरी जाऊन सांगा. फवारणीची हद्द आखायची ती चालकानं. ठरलेल्या वेळेपर्यंत त्या हद्दीत गुरं किंवा पोरं शिरता कामा नयेत. हातपाय धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोयही त्यानंच करायची असते. टाकी विसळून पाणी ओढ्यात सोडायला लागला, तर तिथंच अडवा.