आचंद्रार्क



आजच्या इराणच्या नैर्ऋत्येस प्राचीन काळी एलाम नावाचे राज्य होते. तेथे चंद्राला ‘नापीर’ या नावाने पूजीत. इकडे धाराशिव जिल्ह्यात चंद्राचा मान देवीपाशी आहे. तुळजापूरच्या भवानीमातेच्या मूर्तीवर एका बाजूस चंद्र, दुसऱ्या बाजूस सूर्य कोरलेला आहे. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की माता निद्रा घेते, ती अश्विन पौर्णिमेपर्यंत.

जुन्या लोकांनी या जोडीला साक्षीलाही बसवले. यादवकाळात जमीन दान दिली की शिळेच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरीत. ते दोघे आहेत तोवर दान चालावे, हा अर्थ. मोडणाऱ्यासाठी गधेगाळीवर शिवीही असे, आणि तीही भीड न ठेवता. वीरगळाच्या माथ्यावरही हीच जोडी दिसते.

जीर्णोद्धारात नेमके हेच दगड आधी जातात. कोणी पायरीला लावतो, कोणी ऑइलपेंट फासतो, कोणी फरशीखाली गाडतो. संगमरवरी पाटीवर आजच्या देणगीदारांची नावे अवश्य यावीत. पण तो दगडही जुन्या दात्याची पाटीच आहे. सापडल्यास नुसत्या पाण्याने धुवावा, रंग लावू नये आणि मंडपाच्या भिंतीशी, अक्षरे दिसतील असा उभा करावा.