खाऱ्या समुद्रातले गोडे पाणी



सहलीच्या नौकेवर समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र असावे की नसावे, हा विषय आपल्या व्याख्यानमालेत कशासाठी, असे काहींना वाटले असेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. ते दिवस आठवणाऱ्या श्रोत्यांना परदेशातील हौशी सहलींचे कौतुक आम्ही काय म्हणून सांगावे? पण थोडे ऐकून घ्यावे. हा विषय पाण्याचाच आहे.

ग्रीसच्या एजियन समुद्रात सायक्लेडीज नावाचा बेटांचा समूह आहे. पारोस, नाक्सोस ही त्यांतली नावाजलेली बेटे. पाऊस थोडका, तोही हिवाळ्यात. त्या समुद्रातल्या कित्येक लहान बेटांना वर्षानुवर्षे जहाजाने पाणी पुरवावे लागले. आणि नेमक्या कोरड्या दिवसांतच आठवड्याच्या भाड्याने शिडाच्या नौका घेऊन प्रवासी तेथे येतात.

आता साधा हिशेब करू. नौकेवर आठ माणसे आणि सहाशे लिटरची टाकी आहे, असे धरा. स्वयंपाक, भांडी व स्नान मिळून माणशी रोज चाळीस लिटर लागले, तर दुसऱ्या दिवशीच टाकी तळ गाठते. मग नौकेने कोठे जावे, हे वाऱ्याऐवजी बंदरावरचा नळ ठरवू लागतो. जुलै-ऑगस्टात तेथे मेलतेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस जोराने वाहतो. अशा वेळी आडोशाच्या खाडीत नांगर टाकून स्वस्थ बसावे, हे शहाणपण. पण टाकी कोरडी असेल तर त्याच वाऱ्यात बाहेर पडणे भाग पडते. यंत्राचा पहिला लाभ हा, की ही सक्ती टळते.

हे यंत्र करते तरी काय? कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. मिठाकडे पाणी ओढले जाते. शास्त्रात यास परासरण म्हणतात. यंत्र हीच क्रिया उलटी चालविते. लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असलेले समुद्राचे पाणी, हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाबाने एका सूक्ष्म पडद्यावर ढकलले जाते. गोडे पाणी पलीकडे झिरपते. उरलेले खारट पाणी समुद्रात परत जाते. असा उपयुक्त पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला. यांतले सौरिराजन भारतात जन्मलेले, याचा आपणांस अभिमान वाटावा.

दुसरा लाभ आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. तासाला साठ लिटर देणारे यंत्र पाच तास चालले, तर तीनशे लिटर पाणी होते. तेवढे पाणी बेटावरच्या गावाकडून मागावे लागत नाही. पाहुण्याचे स्नान आणि गावकऱ्याची घागर एकाच नळाशी भांडत नाहीत. शिवाय पिण्यासाठी विकत घेतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा ढीगही बेटावर मागे राहत नाही.

तथापि यंत्र आले म्हणजे चिंता सरली, असे नव्हे. बंदरातल्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो; ते आत गेले तर पडदा निकामी होतो. म्हणून यंत्र स्वच्छ, खुल्या समुद्रात चालवावे आणि काम झाल्यावर गोड्या पाण्याने धुवावे. त्या पाण्यात क्लोरीन नसावे. तेही पडद्यास मारक आहे. यंत्र बिघडू शकते, म्हणून टाकीत राखीव साठा हवाच. विजेचा प्रश्नही आहे. सूर्याच्या उन्हावर भागले तर उत्तम. नाही तर शांत खाडीत तासन् तास इंजिन धडधडत ठेवावे लागते. आठवड्याचा पाहुणा नळ मोकळा सोडू लागला, तर वाचविलेले पाणी तेलाच्या रूपाने खर्ची पडते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की भाड्याच्या नौकेवर हे यंत्र जरूर असावे आणि चावी हाती देतानाच पाहुण्यास त्याची किंमत समजावून सांगावी. अथांग समुद्रावर बसलेल्या माणसालाही गोडे पाणी कष्टानेच मिळते. मग आपण तर जमिनीवरची माणसे. घरी गेल्यावर नळ उघडताना याची आठवण राहिली, तर आमचे आजचे बोलणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.