डाग आणि दोष



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी निबंधातील खाडाखोडीसाठी गुण कापीत नसत. विचाराची वीण उसवलेली दिसली, तर मात्र गय करीत नसत. हा विवेक मी त्यांच्याकडून शिकलो, तो एका चपलेच्या जोडामुळे.

जग ज्याला कोल्हापुरी म्हणते ते पायताण आपल्या अथणी-निपाणीकडेही घडते. २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या ४ जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत. तर, तरुणपणी अथणीहून घेतलेला एक जोड मी कारागिराला परत केला. एक तळ गडद, दुसरा फिका. पट्ट्यावर जुना ओरखडा. त्याने वाद न घालता पैसे मोजून दिले.

गुरुजी ऐकून म्हणाले, ‘उलटा करून पाहिला होता का?’ नव्हता. बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरलेले कातडे अंगभर सारखा रंग घेत नाही. पाठीचे कातडे घट्ट, पोटाचे सैल. ओरखडा जनावराला जिवंतपणीच झालेला. खोट शोधायची ती शिवणीत: टाके वादीचे आहेत की खिळे ठोकलेत, वाकविल्यावर तळाचे थर उकलतात काय, दोन्ही कानवळ्या सारख्या ताणाने बसल्या आहेत काय. यांतले मी काहीच तपासले नव्हते.

गुरुजींनी मला पुन्हा अथणीस धाडले. जोड तसाच टांगलेला होता. किंमत मात्र त्याने निम्मी केली होती. मी पुरी देऊ लागलो, तर तो घेईना.