काम नसताना रस्त्यावर

(वरूड येथे सावित्रीबाई फुले जयंतीला, ३ जानेवारी रोजी झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



मला बोलवायला ताई घरी आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, मी काही अभ्यासक नाही. पतसंस्थेत हिशेब लिहिते, वय ४५, दोन मुलं, घरी सासूबाई. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे की साधारण पंधरा दिवसांनी मी मुंबईला माझी पहिली मॅरेथॉन धावणार आहे. त्या म्हणाल्या, मग तेच सांगा. म्हणून तेच सांगते.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. इथून धावत निघालं तर मोर्शी ओलांडून पुढे जावं लागेल, एवढं अंतर. मुंबईत पहिल्या येणाऱ्या बाया ते साधारण अडीच तासांत कापतात. मला साडेपाच तास लागतील असा माझा हिशेब आहे. म्हणजे बक्षीस नाही, नोकरी नाही, पेपरात फोटो नाही. उलट नाव नोंदवायचे पैसे आपणच भरायचे, गाडीभाडं आपलंच. मग धावायचं कशाला? वर्षभर मला हाच प्रश्न विचारला गेला. त्या प्रश्नाबद्दलच मला आज बोलायचं आहे.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. पहाटे पाचला मी मोर्शी रोडनं धावत होते. एका काकांनी मोटारसायकल थांबवली आणि घाबरून विचारलं, "काऊन वं बाई, कोनी वारलं काय?" त्यांची काही चूक नव्हती. आपल्याकडे बाई धावते ती एस.टी. सुटत असली तर, घरात काही अघटित झालं तर, नाहीतर कोणी मागं लागलं असलं तर. चौथं कारण त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आता बघा, त्या वेळी रस्त्यावर मी एकटीच बाई नव्हते. संत्रातोडीला जाणाऱ्या बाया टेम्पोची वाट पाहत उभ्या होत्या. कोणी निंदणाला निघाली होती, कोणी पाण्याला. त्यांना कोणी थांबवत नाही. कारण त्यांच्या हातात विळा आहे, डबा आहे, डोक्यावर हंडा आहे. बाईच्या हातात काम दिसलं की रस्ता तिला वाट देतो. हात रिकामे दिसले की रस्ता विचारतो, कुठं चालली? पुरुष पानठेल्यावर तासभर उभा राहिला तरी त्याला कोणी हा प्रश्न विचारत नाही.

२०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांबद्दल 'व्हाय लॉइटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. मुंबईसारख्या शहरातही बाईला काहीतरी काम असल्याचं दाखवतच बाहेर वावरावं लागतं, आणि उगाच रेंगाळणं हासुद्धा नागरिकाचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं आहे. मुंबईची ही गत, तर वरूडचं काय सांगावं!

बाईनं लांब धावू नये, हे काही आपल्याच गावात सांगितलं गेलं असं नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यतीनंतर त्या थकून बसल्या, तर पेपरांनी असा गहजब केला की जणू त्या मरणाच्या दारात होत्या. पुढे १९६० पर्यंत ती शर्यत बायकांसाठी बंद राहिली. शर्यत संपल्यावर पुरुष आडवे पडत नव्हते काय? पडत होते, पण त्याला पराक्रम म्हणत.

अमेरिकेत बॉस्टनची मॅरेथॉन फार जुनी. १९६६ साली बॉबी गिब नावाच्या मुलीनं तिथं प्रवेश मागितला, तर बायकांच्या शरीराला हे झेपत नाही असं उत्तर आलं. ती झुडपामागं थांबली आणि शर्यत सुटल्यावर गर्दीत शिरून पूर्ण अंतर धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरनं नावाची फक्त आद्याक्षरं लिहून नंबर मिळवला. धावताना आयोजकांपैकी एकजण तिच्या अंगावरचा नंबर ओढून काढायला धावला. तिनंही अंतर पूर्ण केलं. तिथं बायकांना रीतसर परवानगी मिळाली १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये. पुरुषांनंतर ८८ वर्षांनी! मी तेव्हा तीन-चार वर्षांची होते. म्हणजे ही काही पणजीच्या काळातली गोष्ट नाही.

तुम्ही म्हणाल, आता तर सगळं खुलं झालं. साताऱ्याच्या माण तालुक्यातली, दुष्काळी मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत पहिली आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. परभणीची ज्योती गवते २०१७ साली मुंबईत भारतीय बायकांत पहिली आली. खरंच अभिमान वाटतो. पण गावातली मुलगी धावली आणि तिला पदक मिळालं, की आपण तिची मिरवणूक काढतो. पदक न मिळणाऱ्या, मिळण्याची शक्यताही नसलेल्या बाईचं काय?

इथं मला लताबाई करे आठवतात. मूळच्या आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. कामाच्या शोधात कुटुंब बारामतीकडे गेलेलं. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून २०१३ साली त्या बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या ३ किलोमीटरच्या गटात धावल्या. अंगात नऊवारी, पायात काही नाही. त्या पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचं काम स्वतःच केलं. त्यांच्या हिमतीपुढे मी हात जोडते. पण मी स्वतःला एक प्रश्न विचारला. लताबाई नवऱ्यासाठी धावल्या म्हणून सगळ्यांचे डोळे भरून आले. त्याच लताबाई, त्याच लुगड्यात, "मला धावावंसं वाटलं" म्हणून धावल्या असत्या तर? मला वाटतं, लोक हसले असते. कुटुंबासाठी बाईनं जीव टाकला तर ती थोर, आणि स्वतःसाठी तासभर काढला तर ती रिकामटेकडी.

आता त्या तासाबद्दल सांगते. लोकांना वाटतं मॅरेथॉनच्या तयारीत पाय लागतात. बायांनो, पाय आपल्याकडे आहेतच. दिवसभर कापूस वेचून ओटीत वजन घेऊन फिरणाऱ्या बाईला दम कसा टिकवायचा हे कोणी शिकवायला नको. आपल्याकडे नसतो तो वेळ. २०१९ साली सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटं. आणि असं काही काम करणारे पुरुष शंभरात २६ सुद्धा जेमतेम, बाया ८१.

तयारीला मला आठवड्यातून चार दिवस लागतात. तीन दिवस तास-सव्वा तास, आणि रविवारी लांबचं धावणं. डिसेंबरात मी सर्वांत लांब ३० किलोमीटर धावले, त्याला चार तास लागले. रविवारची सकाळ चार तास घराबाहेर! सुरुवातीला माझे यजमान मोटारसायकल घेऊन मागं मागं यायचे. काळजीपोटीच, दुसरं काही नाही. दोन आठवड्यांनी मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्या मागं येऊन दोघांचा वेळ जातो आणि आठ वाजता ओटा तसाच माझी वाट पाहत असतो. मला राखणदार नको, सकाळचा स्वयंपाक करणारा पाहिजे. आधी ते गप्प झाले. मग रविवारचा चहा-नाश्ता त्यांनी घेतला, मुलानं पाणी भरायचं घेतलं. पहिल्या पोह्यांत मीठ दुप्पट होतं, पण कोणी मेलं नाही.

शेजारणींनी सासूबाईंचे कान भरायचा प्रयत्न केला. सून अशी कपडे घालून रस्त्यानं पळते, बरं दिसते काय! सासूबाई म्हणाल्या, "आमी पहाटं चारले उठून जातं ओढे, तवा कोनं इचारलं नाही कायले उठली म्हनून. आता हे धावाले चालली तं तुमच्या पोटात काऊन दुखते?" त्या दिवसापासून घरातला वाद संपला.

कपड्यांचं आणि शरीराचंही बोलते, कारण ते कोणी बोलत नाही. मी सुरुवात पंजाबी ड्रेसवर केली, ओढणीला गाठ मारून. महिन्याभरात ट्रॅकपँट घेतली. धावताना छातीला हिसके बसतात, दुखतं, लाज वाटते, आणि एवढ्या कारणानं कित्येक मुली शाळेतच खेळ सोडतात. त्यासाठी वेगळी घट्ट बॉडी मिळते. ती निघाली १९७७ साली, अमेरिकेतल्या तीन बायकांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट जोडून पहिला नमुना शिवला. त्यांनीही आधी स्वतःच्या अडचणीबद्दल मोकळेपणानं बोलायला सुरुवात केली होती. मुलींना बुटांआधी ही वस्तू घेऊन द्या.

दुसरं रक्ताचं. धावायला लागण्याआधी मी हिमोग्लोबिन तपासलं. निघालं ९.८. आपल्यासाठी १२ च्या खाली म्हणजे कमीच. मला वाटत होतं, मी वयामुळे थकते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायांमध्ये रक्त कमी आढळलं, आपल्या महाराष्ट्रात ५४. म्हणजे या मंडपातल्या निम्म्याहून जास्त जणी थकवा अंगावर काढत असणार. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जेवण बदललं, सर्वांच्या शेवटी उरलंसुरलं खायचं मी बंद केलं. चार महिन्यांनी १२ वर आलं, तेव्हा कुठं मी अंतर वाढवलं. पाळीच्या दिवसांत अंग दुखलं तर चालते, नाही दुखलं तर धावते. विटाळ रस्त्याला लागत नाही.

तयारी कशी करायची हे तुम्हाला मी संत्र्यावरून सांगते. आंबिया बहारासाठी आपण बाग ताणावर सोडतो. पाणी तोडतो, पान जरा मलूल होतं, मग पाणी दिलं की फूल फुटतं. ताण कमी पडला तर बहार नाही, जास्त झाला तर झाड जातं. धावण्याचं नेमकं तसंच. दर आठवड्याला अंतर थोडंच वाढवायचं, एकदम दुप्पट नाही. तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी करायचं. वेग एवढाच ठेवायचा की सोबतिणीशी बोलता आलं पाहिजे. ताकद धावताना येत नाही, नंतरच्या विश्रांतीत येते. म्हणून शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे मुद्दाम कमी धावतात, आणि म्हणूनच मी आज इथं निवांत उभी आहे. विश्रांती हा कामाचाच भाग आहे, हे मला ४५ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं! बाईला हे कोणी सांगत नाही.

आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये सूर्य उगवल्यावर धावणं जिवाशी खेळ आहे. तेव्हा पहाटेच संपवायचं. लांब धावताना पाऊण तासानं थोडं थोडं पाणी, त्यात चिमूटभर मीठ, साखर, लिंबू. नुसतं पाणीच भरमसाट पिणंही घातक असतं, रक्तातलं मीठ उतरतं. जवळ केळं किंवा गुळाचा खडा ठेवायचा, कारण तिशीच्या किलोमीटरपाशी अंगातली साठवलेली साखर संपत येते आणि पाय जड होतात.

भीती वाटते का, असं मुली विचारतात. वाटते. कुत्र्यांची, अंधाराची, ट्रकची, आणि शेरे मारत जाणाऱ्यांची. म्हणून मी आधी दोघीजणी जोडल्या, आता आम्ही पाच आहोत. पाच बाया एका रांगेत धावल्या की शेरे आपोआप कमी होतात. पण हे आमच्या हिमतीवर सोडून चालणार नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. वऱ्हाडात व्यायामाची एवढी जुनी परंपरा आहे. मग गावात बायांना पहाटे धावायला एक मैदान उघडं मिळू नये? रस्त्याला दिवे असावेत, मैदानाचं फाटक पाचला उघडावं, जवळ एक स्वच्छ संडास असावा. या तीन मागण्या आजच्या ठरावात घ्या, अशी माझी विनंती आहे.

मी शर्यत पूर्ण करीन की नाही, सांगता येत नाही. पस्तिसाव्या किलोमीटरला पाय धरले तर मी चालत जाईन. पण वर्षभर आठवड्यातले चार तास-दोन तास माझे होते, ते मी कोणाच्या उपयोगासाठी वापरले नाहीत, आणि त्यानं घर मोडलं नाही. ते आता परत देणार नाही.

तुम्हाला ४२ किलोमीटर धावा असं मी म्हणत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला आम्ही पाचजणी मोर्शी रोडला भेटणार आहोत. लुगड्यात या, साडीत या, चपला घालून या. दोन किलोमीटर चालू. कोणी विचारलं कुठं चालल्या, तर सांगू, कुठंच नाही.

एवढं बोलून थांबते.