बिनबिल्ल्याचे ड्रम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानासाठी विषय कोणता घेणार, असे आपल्या चिटणीसांनी मला विचारले, तेव्हा मी ‘जुन्या जपानी ड्रमची दुरुस्ती’ असे उत्तर दिले. दूरध्वनीवर काही क्षण शांतता पसरली. ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीचे निरूपण झाले, त्यावर हा विषय शोभेल काय, अशी शंका त्यांच्या मनात आली असावी. शंका रास्त आहे. म्हणून आरंभीच एक कबुली देतो.

दोन वर्षांपूर्वी सभागृहाच्या डागडुजीसाठी आपण माळा रिकामा केला. भंगारात द्यावयाच्या वस्तूंची यादी कार्यकारिणीपुढे आली. मोडक्या खुर्च्या, फुटका ध्वनिक्षेपक आणि त्याखाली ‘ड्रमसेट, जुना, नादुरुस्त – १’. त्या ठरावाला अनुमोदन मी दिले. वर ताडपत्री होती, ती उचलून पाहण्याचेही कष्ट मी घेतले नाहीत. इतर कोणी अनुमोदन दिले असते तर ते अजाणतेपणी झाले असे म्हणता आले असते. मला तीही सोय नव्हती. या वाद्याचे कूळ आणि मूळ सभागृहात कोणाला ठाऊक असेल तर ते मलाच होते.

ते कसे, हे सांगण्यासाठी आपल्याला जपानात न्यावे लागेल. माझी नोकरी गुडगावच्या मोटारींच्या कारखान्यात झाली, आणि त्या निमित्ताने हामामात्सू या शहरी माझे तीन वर्षे वास्तव्य झाले. हे मोटारींचे शहर, तसेच वाद्यांचेही. तोराकुसु यामाहा नावाचा वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणारा एक कारागीर १८८७ साली तेथे होता. गावातील प्राथमिक शाळेचा अमेरिकन बनावटीचा पायपेटीचा ऑर्गन बिघडला, म्हणून त्याला बोलावणे आले. आपल्या संगीत रंगभूमीवर साथीला असे तो ऑर्गन याच कुळातला. यामाहाने ऑर्गन दुरुस्त केला, त्याची रचना कागदावर उतरवून घेतली आणि एका सहकाऱ्याच्या मदतीने स्वतःचा नवा ऑर्गन बनवला. तो पसंतीस उतरतो की नाही हे पाहण्यासाठी दोघांनी तो कावडीला बांधून, हाकोने घाट चढून, टोकियोस नेला. तेथील संगीतज्ञांनी तो नापसंत केला, सूर जमले नव्हते. यामाहा तेथेच राहिला, स्वरशास्त्र शिकला, आणि दुसरा ऑर्गन घडवून त्याने मान्यता मिळवली. त्याची कंपनी १८९७ साली स्थापन झाली. जपानचा एवढा मोठा वाद्यउद्योग एका शाळेतल्या दुरुस्तीच्या कामातून उभा राहिला, याचे मला आजही कौतुक वाटते.

त्या कंपनीने ड्रम बनवायला मात्र १९६७ पर्यंत वेळ घेतला. त्याआधी इतर लोक कामाला लागले होते. कात्सुमी यानागिसावा यांनी १९४६ साली टोकियोत कारखाना काढला. आरंभी ते वादकांची पुस्तके ठेवण्याच्या घोड्या बनवीत. १९५० मध्ये ते ड्रमकडे वळले. हीच पुढची ‘पर्ल’ कंपनी. नागोयाचे होशिनो घराणे मुळात पुस्तकविक्रेते. दुकानात वाद्ये आली, आणि १९६० नंतरच्या दशकात ते ‘स्टार’ नावाचे ड्रम बनवू लागले. होशी म्हणजे तारा. तेच ड्रम १९७४ पासून ‘टामा’ या नावाने जगभर गेले.

आता कळीची तारीख. ९ फेब्रुवारी १९६४ या दिवशी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर बीटल्स हे चौघे इंग्रज तरुण गायले. सुमारे सात कोटी माणसांनी ते पाहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून तेथील घरोघरच्या मुलांना ड्रम हवा झाला. रिंगो स्टार वाजवीत होता तो लुडविग बनावटीचा. शिकागोचा तो कारखाना रात्रंदिवस चालूनही मागणी पुरी होईना, आणि त्या सेटची किंमत सामान्य बापाच्या खिशाला परवडेना. ही पोकळी जपानी कारखान्यांनी भरून काढली. अमेरिकेतले घाऊक व्यापारी तेथून माल मागवीत आणि त्यावर आपल्या पसंतीचा बिल्ला लावीत. स्टुअर्ट, अपोलो, मॅजेस्टिक, क्रेस्ट, व्हाइटहॉल ही सारी बिल्ल्यांची नावे. आत खोड तेच, स्क्रू तेच. ज्याने ते घडवले त्याचे नाव कोठेच नाही.

म्हणूनच ते आजही परवडतात. संग्राहक नावामागे धावतो. लुडविग, ग्रेच, स्लिंगरलँड यांच्या जुन्या सेटना सोन्याचा भाव आला. जपान्यांपैकीही १९६६ चा पर्लचा ‘प्रेसिडेंट’, यामाहाचे बर्च लाकडाचे सेट यांना आता जाणकार गिऱ्हाईक आहे. तिथे स्वस्ताई शोधण्यात अर्थ नाही. बिनबिल्ल्याचा किंवा अनोळखी बिल्ल्याचा सेट मात्र अजून कोपऱ्यात पडून असतो. हामामात्सूच्या जुन्या बाजारातल्या दुकानांत ‘जंक’ म्हणून एक फळी असे. वस्तू आहे तशी घ्यायची, परत आणायची नाही. त्या फळीवरून नऊ हजार येनांना मी पहिला सेट उचलला, आणि त्याचा सत्यानाश केला.

हा सत्यानाश सविस्तर सांगण्याजोगा आहे. तबल्याला असते तसे ड्रमलाही खोड असते, पण ते कोरलेले नसते. पातळ लाकडी पत्रे एकावर एक चिकटवून, वाकवून ते गोल करतात. त्या काळच्या स्वस्त जपानी ड्रमचे लाकूड बहुधा लुआन. व्यापारात त्याला फिलिपाइन महोगनी म्हणत, पण महोगनीशी त्याचे काही नाते नाही. ते आपल्या सालवृक्षाच्या कुळातले आहे. खोड पातळ असल्याने काठांना आतून लाकडी कडी बसवलेली असतात, आणि बाहेरून शिंपल्यासारखे चमकणारे प्लास्टिकचे आवरण असते. माझ्या सेटचे आवरण पिवळे पडून तडकले होते. आत सुंदर लाकूड असणार, ते उघडे करून त्यावर पॉलिश चढवावे, असा मोह मला झाला. इस्त्रीने आवरण तापवून मी ते ओढले. या ड्रममध्ये आवरणाची कड पुष्कळदा खोडाच्या उभ्या सांध्यातच दाबून बसवलेली असते, हे मला ठाऊक नव्हते. आवरणाबरोबर लाकडाचा वरचा पत्रा सुटला, सांधा उलगडला, आणि केरसुणीची पट्टी सुटावी तसे ते खोड माझ्या हातात पसरले. तीस वर्षे जे टिकले होते ते मी एका रविवारी दुपारी संपवले.

तेव्हापासून माझा नियम एकच. ड्रम वाजता करायचा, नवा करायचा नाही. दुसरा सेट घेतला तो त्या नियमाने, आणि तो परतताना डब्यात डबा ठेवावा तसा एकात एक घालून मी दिल्लीस आणला. माझ्या मुलाने तो कॉलेजात असेपर्यंत वाजवला.

आता माळ्यावरच्या सेटकडे येतो. ठराव झाला, टेम्पो दाराशी आला, आणि उचलताना ताडपत्री घसरली. मोठ्या ड्रमच्या अंगावर दोन बारीक भोके आणि भोवती रुपयाएवढा न विटलेला गोल दिसला. बिल्ला केव्हाच गळला होता. मी आत वाकून पाहिले. तांबूस लाकूड, काठाची कडी, उभा सांधा आणि त्यात दडपलेली आवरणाची कड. टेम्पोवाल्याला मी भाडे देऊन परत पाठवले.

ज्येष्ठांकडे चौकशी केली तेव्हा कळले, की चाळीसेक वर्षांपूर्वी गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रासाठी तो घेतला गेला. चाणक्यपुरीतले एक परदेशी कुटुंब मायदेशी परतताना घरातले सामान विकत होते. आपल्या चार सभासदांनी पदरचे पैसे घालून हा सेट स्कूटररिक्षातून आणला. त्या चौघांपैकी आज एकच हयात आहेत, आणि ते पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्यासमोर ही कबुली देणे मला आवश्यक वाटले.

असा सेट घेताना काय पाहावे? गंज पाहू नये, बिल्ला पाहू नये. खोडाचा व्यास दोन्ही दिशांनी मोजावा. गोलाई बिघडली असेल तर वस्तू सोडून द्यावी. मग खोड सपाट काचेवर पालथे ठेवावे, आत दिवा लावावा आणि खोली अंधारी करावी. काठाखालून प्रकाश फटीतून आला, तर तेथे कातडे नीट बसणार नाही. हा दोष बेताचा असेल तर सपाट दगडावर पॉलिश पेपर चिकटवून, त्यावर खोड हळूहळू फिरवून काढता येतो. त्यानंतर खोडाला जडवलेले धातूचे ठोकळे मोजावेत. कडे ताणून धरणारे स्क्रू यांत बसतात. वादक त्यांना ‘लग’ म्हणतात. एखादा स्क्रू कोठेही मिळतो, हरवलेला लग मिळता मिळत नाही. आमच्या सेटचे लग सगळे जागेवर होते. स्क्रू रॉकेलात दोन दिवस भिजवले, काहींचे वायसर काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणले. नवा स्क्रू जुन्या आट्यात हाताने फिरत नसेल तर पान्याने जबरदस्ती करू नये, आटे वेगळे आहेत असे समजावे. कड्यांवरचा गंज ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाने, पाणी लावून घासला तर बराच जातो. आवरण साध्या साबणाने पुसावे. थिनर लावलात तर चमक विरघळलीच म्हणून समजा. नव्या कातड्यांपैकी एक बसेना, कारण खोडाची गोलाई केसभर जास्त होती. चार दुकाने फिरून थोडे सैल कातडे शोधले. खोड तासले नाही.

या कामात मला एक मदतनीस मिळाली. आपल्या ढोलताशा पथकात ताशा वाजवणारी, नववीतली एक मुलगी. तिला ड्रम शिकायचा होता आणि नव्या सेटची किंमत ऐकून तिच्या वडिलांनी विषय बंद केला होता. दर रविवारी ती यायची आणि घासकाम करायची. सगळे जुळल्यावर मी मोठ्या समाधानाने मधल्या ड्रमवर टिपरू टाकले. ती म्हणाली, “काका, आतून काहीतरी कुरकुरतंय.” मला ऐकू आले नव्हते. तिने कान लावून प्रत्येक लगावर बोटाने टकटक केली आणि एकावर थांबली. लगांच्या पोटात लहान स्प्रिंगा असतात. त्यातली एक सैल होऊन आवाजाबरोबर थरथरत होती. आम्ही ती काढून तिच्याभोवती कापूस गुंडाळला आणि मग उरलेल्या साऱ्यांनाही तसेच केले. त्यानंतर जो आवाज आला तो ऊबदार, थोडा आखूड, जास्त न रेंगाळणारा. मोठ्या मैदानात तो पुरणार नाही. या सभागृहाला तो पुरेसा आहे. सोबत आलेल्या झांजा मात्र पत्र्यासारख्या वाजत, त्या मी ठेवल्या नाहीत.

बिल्ला कोणता होता, हे अजून कळलेले नाही. छायाचित्रांच्या जुन्या वह्या मी चाळल्या. एका फोटोत सेट दिसतो, पण बिल्ल्याच्या जागी निवेदकांचा हात आला आहे. नवा बिल्ला करून लावावा, त्यावर मंडळाचे नाव घालावे, अशी सूचना आली होती. मी ती मान्य केली नाही. एकदा व्यापाऱ्याने लावलेल्या नावाखाली घडवणाऱ्याचे नाव झाकले गेले. आता आपण दुसरे झाकण कशाला घालावे? ती दोन भोके तशीच राहू द्यावीत.

उद्या संध्याकाळच्या कार्यक्रमात ती मुलगी हा सेट वाजवणार आहे. उजवीकडचा उभा ड्रम तीन पायांवर राहतो. त्याचा तिसरा पाय मूळचा नाही, खराद्याकडून करवून घेतलेला आहे आणि तो अर्धा इंच आखूड झाला आहे. त्याखाली तूर्त रबराचा तुकडा घातला आहे. मूळ पाय माळ्यावरच्या सामानाबरोबर कोणाच्या घरी गेला असेल, तर तो कृपया कार्यालयात आणून द्यावा.