कमावलेले चामडे



वसंत व्याख्यानमालेत कोणी चामड्याच्या पाकिटावर बोलणार आहे, हे वाचून काहींना हसू आले असेल. इतिहास आणि साहित्य यांच्या पंगतीत पाकीट अन् पट्टा कसे बसवायचे? पण खडवलीहून रोज गाडी धरणाऱ्या माणसाच्या खिशात पाकीट असते, कमरेला पट्टा असतो, पायात चप्पल असते. घामाच्या पैशाने घेतलेली ही वस्तू वर्षानुवर्षे टिकते की पहिल्याच पावसाळ्यात तिचे पापुद्रे सुटतात, हा व्याख्यानाला पुरेसा विषय आहे. मी चामड्याचा कारागीर नव्हे, कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. कारागिरांजवळ बसून जे शिकलो आणि पुस्तकांतून जे पडताळले, तेवढेच सांगतो.

आपण तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरतो. लुगड्याचा पोत चिमटीत धरून पाहतो. चामड्याची वस्तू घेताना मात्र चकाकी पाहतो आणि पैसे मोजतो. असे का? कातडे सोलणे, कमावणे, शिवणे ही कामे आपल्या समाजाने ढोर, चर्मकार अशा जातींवर टाकली आणि त्या माणसांना वेशीबाहेर बसवले. माणसे दूर ठेवली, तसे त्यांचे ज्ञानही दूर राहिले. राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता रद्द केली, पण चामड्याबद्दलचे आपले अज्ञान तसेच राहिले. त्याचा दंड गिऱ्हाईक भरतो आणि कारागीरही भरतो.

आपली भाषा या बाबतीत समाजापेक्षा उदार आहे. मराठीत कातडे ‘कमावतात’. ओले कातडे दोन दिवसांत कुजू लागते. मीठ लावून ते टिकवायचे, चुन्याच्या पाण्यात घालून केस काढायचे, मांस खरवडायचे आणि मग बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचे. सालीतला तुरट रस कातड्याच्या धाग्याधाग्याला चिकटतो आणि कुजणारे कातडे टिकाऊ चामडे होते. याला कित्येक आठवडे लागतात. कोल्हापुरी चप्पल या पद्धतीच्या चामड्याची. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती एक-दोन दिवसांत होते, आणि जगातले बहुतेक चामडे आज याच रीतीने कमावले जाते. सालीचे चामडे ताठ, वापराने खुलणारे, पण पाण्याला हळवे. क्रोमचे मऊ आणि पाण्याला सोसणारे. यांत उच्चनीच नाही. काम पाहून निवड करावी.

आता पारख. कातडे जाड असते. यंत्राने त्याचे आडवे थर काढतात. केसांकडचा वरचा थर दाट विणीचा आणि बळकट. खालचा थर विरळ. त्यावर प्लास्टिकचा लेप चढवून त्याला वरच्या थराचे रूप देतात. त्याहूनही हलका प्रकार म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा. तो दिसतो चामड्यासारखा आणि फाटतो पुठ्ठ्यासारखा. ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का वस्तू चामड्याची आहे एवढेच सांगतो. थर कोणता, हे सांगत नाही.

म्हणून शिक्का बाजूला ठेवून हात लावा. अंगठ्याने दाबा: वरच्या थराच्या चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या उमटतात. छिद्रे सर्वत्र एकसारखी, छापल्यासारखी दिसली तर तो छापच समजा. रंगाने न झाकलेली एखादी कड शोधा: खरे चामडे तिथे तंतुमय दिसते, नकली वस्तूत कापडाचा थर डोकावतो. वासावर भिस्त ठेवू नका, वास फवारताही येतो. पट्टा पाठीच्या कातड्याचा घ्यावा. पोटाकडचे कातडे सैल विणीचे, ते ताणते. पाकिटाला शेळीचे चामडे उत्तम: पातळ असून चिवट. मेंढीचे मऊ लागते, पण लवकर फाटते. म्हशीचे जाड आणि भरड दाण्याचे. पट्ट्याला ते चांगले.

शेवटी शिवण पाहा. इथे चामड्याइतकीच मजुरीही दिसते. शीव स्टेशनला उतरून धारावीत गेलात, तर लहान गाळ्यांत पाकिटे, पिशव्या, पट्टे तयार होताना दिसतील. असल्या कामाची मजुरी बहुधा नगावर असते. नगाचा दर पाडला की कारागिराला हात पळवावा लागतो: टाके लांब होतात, कडा घासायच्या राहतात, अस्तराखाली पुठ्ठा जातो. टाके जवळजवळ आणि एका रेषेत, कोपऱ्यावर शिवण दुहेरी, कड घोटलेली दिसली, तर समजावे की त्या हाताला वेळ मिळाला होता. पण भारी किंमत म्हणजे भारी मजुरी, असे मात्र समजू नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले. घाट कारागिराचा, नाव दुसऱ्याचे, हा प्रकार जुनाच आहे. गिऱ्हाईक डोळस असेल तर तो इतका सहज चालत नाही.

आता निगा. भातसेच्या काठी पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, हे तुम्हाला सांगायला नको. चामडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुती कापडात गुंडाळून हवेशीर ठेवा. बुरशी आलीच तर घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसा आणि सावलीत वारा द्या. भिजलेली वस्तू चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. जलद वाळले की चामडे आक्रसते आणि तडकते. आत कागद कोंबून सावलीत सावकाश वाळवा. चामड्यातला स्निग्धपणा वापराने कमी होतो, म्हणून वर्षातून एक-दोनदा चामड्याच्या मलमाचा हलका हात द्यावा. फार दिले तर चामडे ढिले पडते आणि धूळ धरते. मखमली पृष्ठाच्या चामड्याला मलम लावूच नका, फक्त ब्रश फिरवा. पाकीट नाण्यांनी आणि पावत्यांनी फुगवू नका आणि मागच्या खिशात ठेवून त्यावर बसू नका. घाम आणि दाब शिवणीला आधी खातात.

आणि टाका उसवला तर वस्तू फेकू नका. आरी आणि रापी घेऊन बसलेला माणूस अजून स्टेशनाबाहेर आहे. एक टाका वेळेवर घातला तर पुढचे दहा वाचतात. तो मागेल तो दाम घासाघीस न करता द्या, आणि त्याच्यापाशी उभे आहात तोवर हे चामडे कशाचे, कोणत्या थराचे, ते त्यालाच विचारा. या विषयात तो आपला गुरू आहे. आजवर आपण त्याला विचारले नाही, एवढेच.