लेकरू जड झालं, आता बांधणी बदला

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताई जे बोलल्या, ते सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत हे मोठ्याने वाचावे.)



आज मी बचत, कर्जफेड आणि दशसूत्री यांवर बोलणार नाही. आजचा विषय तुमच्यातल्या काही जणींच्या मांडीवर बसलाय, काहींच्या कडेवर आहे आणि एक तिकडे सतरंजीवर रांगत रजिस्टरकडे चाललाय. लेकरू अंगाशी बांधून काम करणाऱ्या बायांसाठी आज बोलायचं आहे.

मला ठाऊक आहे, काही आज्या मनात म्हणत असतील, "हिचं अजून लग्न व्हायचंय अन् ही आम्हाला लेकरू बांधायला शिकवणार!" खरंच आहे. लेकरं तुम्ही वाढवलीत. मी प्रशिक्षणात जे शिकले आणि गावोगाव फिरताना तुमच्याकडूनच जे पाहिलं, तेवढं एकत्र करून सांगते. पटलं नाही तर तिथंच थांबवा.

आधी एक हिशोब करू. हिशोब तर आपल्या सगळ्यांना येतो. जन्माला ३ किलोचं असलेलं बाळ साधारण ५ ते ६ महिन्यांत दुप्पट होतं, म्हणजे ६ किलो. वर्षाचं झालं की तिप्पट, म्हणजे ९ किलो. दोन वर्षांचं झालं की चौपट, म्हणजे १२ किलो. वर्षाचं लेकरू म्हणजे जवळजवळ भरलेली १० लिटरची बादली. आता मला सांगा, बाळंतपणानंतर जी ओढणी काढली, जशी गाठ मारली, तीच ओढणी आणि तीच गाठ वर्षभरानं चालेल का? वजन तिप्पट झालं, पण बांधणी तीच राहिली. मग खांदा दुखतो, कंबर धरते, आणि आपण म्हणतो, "बाळंतपणापासूनच दुखतंय, चालायचंच." सगळंच दुखणं बाळंतपणाचं नसतं, ताई. काही दुखणं चुकीच्या गाठीचं असतं.

लेकरू अंगाशी बांधणं ही मागासलेली गोष्ट आहे, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. त्यालाच आज कांगारू पद्धत म्हणतात आणि आपल्या सरकारी दवाखान्यांतही ती शिकवतात. आफ्रिकेतल्या बाया तर पिढ्यान्‌पिढ्या रंगीत कापडानं लेकरू पाठीला बांधून शेती करतात, बाजार करतात. म्हणजे बांधायचं की नाही हा प्रश्नच नाही. कसं बांधायचं आणि कधी बदलायचं, एवढंच शिकायचं आहे.

बांधणी कमी पडू लागली हे कसं ओळखायचं?

घरी गेल्यावर या पाच गोष्टी बघा.

एक, बांधताना लेकरू छातीशी होतं आणि थोड्या वेळात घसरून बेंबीच्या खाली आलं.

दोन, दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून बांधलं, तरी एक हात खालून आधाराला लावावाच लागतो.

तीन, खांद्यावर दोरीसारखा वळ उठतो, मान एका बाजूला ओढली जाते, चालताना तुम्ही मागे किंवा एका कुशीला झुकता.

चार, लेकराचे पाय सरळ खाली लोंबतात, मांडीला कापड काचून लाल होतं.

पाच, कापड उजेडासमोर धरलं तर मध्येच विरळ दिसतं, किंवा शिवणीजवळ दोरे सुटलेत.

यातलं एक जरी असेल तर बांधणी बदलायची वेळ आली. पाचवं असेल तर ते कापड आजच बाजूला काढा, त्याचं पायपुसणं करा.

वजन उचलायचं ते कसं?

हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पाण्याची कळशी अंगाला टेकवून कमरेवर घेतली की निभते. तीच हात लांब करून धरा, दहा पावलांत हात गळून जातो. कापूस वेचताना कमरेला बांधलेलं फडकं रिकामं असतं तोवर जाणवत नाही, पण भरून खाली लोंबायला लागलं की कंबर मोडते. लेकराचंही तसंच आहे. जितकं वर आणि अंगालगत, तितकं हलकं. जितकं खाली आणि सैल, तितकं जड.

दुसरी गोष्ट, वजन वाटलं गेलं पाहिजे. एका खांद्यावर गाठ मारून कुशीला घेतलेली ओढणी लहान बाळासाठी, थोड्या वेळासाठी ठीक आहे. पण लेकरू ६-७ किलोच्या पुढे गेलं आणि तासभर काम करायचं असेल, तर दोन्ही खांदे आणि कंबर अशा तीन ठिकाणी भार गेला पाहिजे. खांद्यावर कापड गोळा करू नका, चार बोटं रुंद पसरवा.

आता लेकराकडून बघू. त्याची बैठक बेडकासारखी हवी. कापड एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या खोबणीपर्यंत पोचलं पाहिजे आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर हवेत. असं बसलं की खुब्याचा सांधा नीट राहतो. पाय सरळ ताणून, आवळून गुंडाळणं लहान बाळाच्या खुब्याला चांगलं नाही. बाजारात काही तयार पिशव्या मिळतात, त्यात दोन पायांच्या मध्ये फक्त चिंचोळी पट्टी असते आणि लेकरू त्यावर लोंबकळतं. त्या दिसायला छान असतात, पण जड लेकराला त्यात आधार नसतो. घ्यायचीच असेल तर बूड रुंद आहे का, किती किलोपर्यंत चालते, कमरेचा पट्टा आहे का, हे विचारून घ्या.

श्वास सगळ्यात आधी

हे नीट ऐका. नाक आणि तोंड कायम उघडं दिसलं पाहिजे. मान खाली वाकवली की त्याच्या डोक्याचा पापा घेता आला पाहिजे, इतकं ते वर हवं. हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं बसली पाहिजेत. हनुवटी छातीला टेकली तर लहान बाळाचा श्वास अडतो, आणि ते रडतही नाही. चार महिन्यांच्या आतलं, दिवसांआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर आशाताई किंवा नर्सबाईंना विचारूनच बांधा. पदरानं तोंड झाकू नका, ऊन असेल तर सावली शोधा.

कोणत्या वयाला काय?

मान धरत नाही तोवर बाळ समोर, छातीला छाती लावून, मानेमागे कापडाचा आधार देऊन.

मान धरली की समोर किंवा कुशीला.

आधाराशिवाय बसायला लागलं, म्हणजे साधारण ६-७ महिन्यांनंतर, की पाठीवर. जड लेकरासाठी पाठ हीच चांगली जागा. पण पहिल्यांदा पाठीवर घेताना गादीवर किंवा बाजेवर बसून घ्या आणि दुसरी बाई जवळ असू द्या. पाठीवरचं तोंड आपल्याला दिसत नाही, म्हणून शेजारच्या तासातल्या बाईला अधूनमधून बघायला सांगा.

कापड कोणतं?

तुमच्या पेटीतली जुनी सुती साडी उत्तम. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. पन्ह्यात दुमडून दुहेरी केली की एक वेढा लेकरावर, दोन्ही पदर खांद्यांवरून मागे फुली करून, परत लेकराच्या ढुंगणाखालून आणून कमरेला पक्की गाठ, एवढी लांबी पुरते. नायलॉनची, सिल्कसारखी गुळगुळीत साडी नको. तिची गाठ सरकते आणि उन्हात लेकरू घामेजतं. ताणणारं टी-शर्टसारखं कापड लहान बाळाला मऊ लागतं, पण वजन वाढलं की ते लोंबतं.

शिवून घ्यायचं असेल तर जाड मांजरपाट किंवा हातमागाचं घट्ट विणीचं कापड घ्या. आधी धुवा, म्हणजे नंतर आटणार नाही. मधला चौकोन, वर दोन लांब पट्टे, खाली कमरेचे दोन पट्टे. पट्टा जिथं चौकोनाला जोडतो, तिथं चौकट शिवून आत फुली मारायची. एकेरी शिवण जड लेकराला चालत नाही. शिवून झालं की लेकराच्या वजनाच्या दुप्पट ज्वारीची पिशवी त्यात बांधून घरभर फिरा. शिवण टिकली तरच लेकरू.

कधी बांधायचं नाही?

चुलीपुढे नाही. विळ्यानं कापणी करताना, कडबा कुट्टीजवळ नाही. फवारणीच्या शेतात लेकरू आणायचंच नाही. गाडीवर मागे बसताना बांधलेलं आहे म्हणून सुरक्षित, असं समजू नका. सिझर झालं असेल तर गाठ टाक्यांवर येऊ देऊ नका. आणि ज्या ताईला खाली ओढल्यासारखं वाटतं, अंग बाहेर येतंय असं वाटतं, तिनं लाजून गप्प बसू नये. वजन उचलणं थांबवून दवाखान्यात दाखवावं.

आता जे मला मनापासून बोलायचं आहे ते. बांधता येत नाही, दुखतं, म्हणून आपण लेकरू कुणाकडे देतो? थोरल्या पोरीकडे. ती सात-आठ वर्षांची, कडेवर नऊ किलोचा भाऊ, आणि शाळेचं दप्तर खुंटीला. तिचीही पाठ वाढत्या वयाची आहे. आईला चांगली बांधणी मिळाली तर पोरीची शाळा वाचते. म्हणून मी याला बाळाच्या कापडाचा विषय मानत नाही, हा पोरीच्या शिक्षणाचाही विषय आहे. आणि झोळी बापाच्या खांद्यालाही बसते. संध्याकाळी भाकरी थापताना ती त्याच्या अंगावर जाऊ द्या. गाव दोन दिवस हसेल, तिसऱ्या दिवशी सवय होईल.

रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात हेही लिहिलेलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. आपण हे कधी मागितलं का? झोळी असली तरी पाळणाघराचा हक्क सोडायचा नाही. दिवसभर लेकरू पाठीवर ठेवणं हे कुणाच्याच कंबरेला झेपणारं नाही.

पुढच्या बैठकीसाठी दोनच कामं सांगते. ज्यांच्याकडे दोन वर्षांच्या आतलं लेकरू आहे, त्यांनी सध्या वापरता ते कापड घेऊन यायचं, आणि अंगणवाडीच्या कार्डावरचं या महिन्याचं वजनही. आपण एकमेकींची बांधणी तपासू, उजेडासमोर कापड धरू. वजन वाढलेलं नसेल तर तेही तिथंच कळेल आणि सेविकाताईंशी बोलता येईल. दुसरं, शिवणकाम करणाऱ्या गटांनी तीन नमुने शिवून आणावेत. चांगले झाले तर किंमत आपणच ठरवू आणि पहिली मागणी आपल्याच गावातून येईल.

लेकरू जड झालं ही सुखाचीच गोष्ट आहे. फक्त ते ओझं एका खांद्यावर पडू द्यायचं नाही. गटात आपण दुसरं काय शिकलो?